मोतीबिंदू की काचबिंदू? नावे जुळी, आजार निराळे. ‘पिकण्याची’ वाट पाहणे का ठरते महागात

‘मोती उतरलाय, अजून कच्चा आहे, पिकला की काढू’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. हा शब्द आला कुठून, त्याला ‘पिकणे’ कसे चिकटले आणि त्याच्याच नावाचा भाऊ असलेला काचबिंदू जास्त धोकादायक का? वाचा सविस्तर.

सोयगाव : अजिंठ्याची लेणी पाहायला जगभरातून लोक येतात. मात्र ही लेणी सोयगाव तालुक्याच्या हद्दीत आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. पायथ्याचे फर्दापूर आणि लेण्यांना लागून असलेले लेणापूर ही दोन्ही गावे याच तालुक्यातील. पाचव्या शतकातील वाकाटक काळातल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात जातककथांची चित्रे आहेत आणि त्यांतील तीन कथा थेट डोळ्यांशी जोडलेल्या आहेत. एक शिबी राजाची. दारात आलेल्या अंध याचकाला तो आपले दोन्ही डोळे देतो. दुसरी श्यामची. आपल्या श्रावणबाळासारखीच ही कथा, आंधळ्या आईवडिलांची सेवा करणाऱ्या मुलाची. तिसरी मातृपोषक हत्तीची. अंध आईपासून तोडून राजाच्या हत्तीशाळेत आणलेला हा हत्ती चाऱ्याला तोंड लावत नाही, शेवटी राजाला त्याला सोडून द्यावे लागते.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांना अंधत्व ही घराघरातली वेदना वाटत होती. आजही ती आहे. फरक एवढाच, की आज ज्या कारणाने सर्वाधिक म्हातारी माणसे आंधळी होतात, ते कारण काही मिनिटांच्या शस्त्रक्रियेने दूर होते. त्याचे नाव मोतीबिंदू. तरीही अनेक जण वेळेवर दवाखान्यात पोहोचत नाहीत. त्यामागे पैसा, अंतर आणि सोबतीला माणूस नसणे ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण भाषेत दडलेले आहे. ते म्हणजे मोतीबिंदूभोवती रुजलेली ‘पिकण्याची’ कल्पना आणि ‘काचबिंदू’ या नावामुळे होणारा गोंधळ.

शब्द कसा तयार झाला?

‘मोतीबिंदू’ हा दोन शब्दांचा जोड आहे. मोती हा शब्द संस्कृतातील ‘मौक्तिक’वरून, प्राकृतातील ‘मोत्तिअ’च्या वाटेने मराठीत आला. बिंदू म्हणजे थेंब किंवा ठिपका. हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. म्हणजे शब्दाचा अर्धा भाग बोलीत घासून गुळगुळीत झालेला, तर अर्धा पोथीतला.

नाव पडले ते दिसण्यावरून. डोळ्याच्या मधोमध जो काळा गोल दिसतो त्याला मराठीत बाहुली म्हणतात. समोरच्या माणसाची चिमुकली प्रतिमा त्यात दिसते म्हणून बाहुली. संस्कृतातील ‘कनीनिका’ आणि लॅटिनमधील ‘प्युपिला’ या शब्दांमागेही लहान मुलीची किंवा बाहुलीचीच कल्पना आहे. मोतीबिंदू खूप वाढला की ही काळी बाहुली पांढरट, मोत्याच्या रंगाची दिसू लागते. जणू डोळ्यात मोत्याचा थेंब बसला आहे. हिंदीत यालाच ‘मोतियाबिंद’ म्हणतात आणि बोलताना त्याचा नुसता ‘मोतिया’ होतो. मराठीतही ‘डोळ्यात मोती उतरला’ असे सर्रास म्हणतात.

इथेच पहिली अडचण सुरू होते. बाहुली मोत्यासारखी पांढरी दिसणे ही मोतीबिंदूची सुरुवात नसून जवळजवळ शेवटची अवस्था आहे. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. नजर धूसर होते, समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश फाकतो, रंग फिके आणि पिवळट वाटतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. पण घरचे आरशासमोर नेऊन डोळा पाहतात आणि म्हणतात, ‘मोती कुठाय? अजून तर काही दिसत नाही.’

इतर भाषांत काय म्हणतात?

इंग्रजीत या आजाराला ‘कॅटरॅक्ट’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ धबधबा. हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि तिथून युरोपच्या भाषांत गेला. डोळ्यात धबधबा कसा? जुन्या ग्रीक, रोमन आणि अरब वैद्यांची समजूत अशी होती, की डोक्यातून एक दूषित पाणी खाली उतरते आणि बाहुलीच्या मागे साकळून पडदा तयार होतो. अरबीत या आजाराला ‘पाण्याचे उतरणे’ अशा अर्थाचे नाव होते. अकराव्या शतकात अरबी वैद्यकग्रंथांचे लॅटिनमध्ये भाषांतर होताना या ‘पाणी उतरण्या’साठी वरून कोसळणाऱ्या पाण्याचा शब्द निवडला गेला. आजार कशाने होतो याची ती कल्पना पुढे चुकीची ठरली, पण शब्द टिकला.

फारसीतले नाव मराठीच्या सर्वांत जवळचे वाटते. तिथे मोतीबिंदूला ‘आब-ए-मरवारीद’ म्हणजे मोत्याचे पाणी आणि काचबिंदूला ‘आब-ए-सियाह’ म्हणजे काळे पाणी म्हणतात. उत्तर भारतात काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणतात, तेही याच धर्तीवर. मल्याळममध्ये ‘तिमिरम्’ हा जुना संस्कृत शब्द कायम आहे, बंगालीत ‘छानी’, तर कन्नडमध्ये ‘पोरे’ म्हणजे पापुद्रा. पाणी, मोती, पडदा, अंधार. जिथे जे दिसले किंवा वाटले, ते नाव पडले.

मग मोतीबिंदू नेमका असतो कुठे?

मोतीबिंदू हा डोळ्यावर आलेला पडदा नाही. डोळ्यात बाहेरून काही येऊन बसत नाही आणि वरून काही उतरतही नाही. बाहुलीच्या मागे प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मतःच एक पारदर्शक भिंग असते. ते प्रथिने आणि पाणी यांचे बनलेले असते. त्यातली प्रथिने एका शिस्तीत मांडलेली असतात म्हणून प्रकाश आरपार जातो. वय वाढते तशी ही शिस्त बिघडते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होते. अंड्याचा पारदर्शक बलक उष्णतेने पांढरा होतो, त्याच्याशी याची ढोबळ तुलना करता येईल. पांढरा झालेला बलक पुन्हा पारदर्शक होत नाही. म्हणूनच कोणत्याही थेंबाने, अंजनाने किंवा गोळीने मोतीबिंदू विरघळत नाही.

हे कळायला जगाला बराच काळ लागला. १७०५ मध्ये मिशेल ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरने एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला, तेव्हा गढूळ झालेले ते मूळचे भिंगच असल्याचे त्याला आढळले. त्याच सुमारास आंत्वान मेत्र-जां या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरनेही तेच सांगितले. ‘पाणी उतरते’ ही शेकडो वर्षांची समजूत तिथे मोडली.

वय हे मोतीबिंदूचे मुख्य कारण. मधुमेह, तंबाखू आणि धूम्रपान, डोळ्याला झालेली इजा, वर्षानुवर्षे सोसलेले कडक ऊन आणि स्टिरॉइडची औषधे यांमुळे तो लवकर येऊ शकतो. कधी कधी बाळ जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येते. लहान बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर ‘मोठे झाल्यावर पाहू’ असे अजिबात म्हणू नये. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्याचा कर्करोगही. दोन्हींमध्ये एकेक आठवडा मोलाचा असतो.

सुश्रुतांनी काय लिहून ठेवले?

मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचे अतिशय जुने आणि तपशीलवार वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मिळते. तिथे ‘मोतीबिंदू’ हा शब्द नाही, ‘लिंगनाश’ आहे. कफामुळे होणाऱ्या लिंगनाशावर शलाका वापरण्याची कृती दिली आहे. जवाच्या दाण्यासारखे टोक असलेली सळई डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, रक्तवाहिन्या चुकवून आत घालायची. डावा डोळा असेल तर उजव्या हाताने, उजवा असेल तर डाव्या हाताने. वेध बरोबर झाला तर पाण्याचा थेंब येतो आणि आवाज होतो, असेही सांगितले आहे. रुग्णाला वस्तू दिसू लागल्या की सळई हळूच काढायची, तूप लावून कापडाची पट्टी बांधायची. त्यानंतर रुग्णाने उताणे झोपायचे. शिंकणे, खोकणे, ढेकर देणे, थुंकणे टाळायचे आणि दहा दिवस पथ्य पाळायचे.

याच प्रकरणात एक महत्त्वाची सूचना आहे. दृष्टीतील दोष अर्धचंद्रासारखा, घामाच्या थेंबासारखा किंवा मोत्यासारखा दिसत असेल तर ही शस्त्रक्रिया करू नये, असे सुश्रुत सांगतात. म्हणजे थेंब आणि मोती या दोन्ही उपमा डोळ्याच्या आजारांसाठी आपल्याकडे फार जुन्या आहेत.

या पद्धतीत भिंग बाहेर काढले जात नसे. ते वाटेतून बाजूला सारून डोळ्याच्या आत खाली ढकलले जाई. प्रकाशाची वाट मोकळी झाल्याने रुग्णाला लगेच दिसू लागे, पण अनेकांचा डोळा पुढे सूज, जंतुसंसर्ग किंवा वाढलेल्या दाबाने जाई. गावोगाव फिरून सळईने डोळे ‘उघडून’ देणारे लोक विसाव्या शतकापर्यंत होते. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयातील रॉबर्ट हेन्री एलियट या डॉक्टरने पहिल्या महायुद्धाच्या काळात या भारतीय पद्धतीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि तिच्यामुळे गेलेल्या डोळ्यांची नोंद केली. दृष्टी परत आल्याची बातमी गावभर होई. पुढे डोळा गेला की तोवर तो माणूस पुढच्या गावी गेलेला असे.

‘पिकला की काढू’ कुठून आले?

हा सल्ला अडाणीपणातून आलेला नाही. एके काळी तो डॉक्टरच देत आणि तेव्हा तो बरोबरही होता.

१७४७ मध्ये फ्रान्सच्या झाक दाविएल यांनी गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि नवे पर्व सुरू झाले. मात्र कच्च्या मोतीबिंदूत भिंगाचा बाहेरचा चिकट भाग पूर्ण निघत नसे. तो आत राहिला की डोळा सुजे. मोतीबिंदू पूर्ण पिकला की हा भाग सुटा होऊन सहज निघे. दुसरे कारण असे, की भिंग काढल्यावर त्याच्या जागी काहीच बसवले जात नव्हते. रुग्णाला बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा लागे. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचे दिसत नसे, पायरी चुकत असे. थोडेफार दिसणाऱ्या माणसाला हा सौदा परवडणारा नव्हता. म्हणून डॉक्टर म्हणत, ‘पिकू द्या.’

चित्र बदलले ते २९ नोव्हेंबर १९४९ रोजी. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा रुग्णाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून पर्सपेक्स या प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. ते तिथे राहिले तरी डोळा फारसा बिघडत नाही, हे रिडली यांच्या लक्षात आले होते. त्यातूनच भिंगासाठी तो पदार्थ निवडला गेला. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली. दंतवैद्याच्या खुर्चीवर दात साफ करणारे यंत्र पाहताना त्यांना ही कल्पना सुचली. यालाच आज ‘फेको’ म्हणतात. लोक ‘लेझरने ऑपरेशन झाले’ असे म्हणतात, पण फेकोत भिंग फोडायचे काम ध्वनिलहरी करतात. भारतात याच्या जोडीने लहान छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होते. तिला महागडे यंत्र लागत नाही आणि अनुभवी हातांत तिचे परिणामही चांगले येतात.

कृत्रिम भिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यात भारताचा वाटा मोठा आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संबंधित ऑरोलॅबने १९९२ मध्ये देशातच भिंगे तयार करायला सुरुवात केली आणि किमती झपाट्याने उतरल्या. महाराष्ट्रात हे काम गोरगरिबांपर्यंत नेणाऱ्यांत डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव अग्रभागी आहे. मराठवाड्यातीलच लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

थोडक्यात, पिकण्याची वाट पाहण्याची दोन्ही कारणे संपली. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली, की तीच शस्त्रक्रियेची वेळ. सुईत दोरा ओवता येत नाही, बसची पाटी वाचता येत नाही, अंधारात बांधावरून चालताना पाय चुकतो, ही खूण पुरेशी आहे.

जास्त पिकला तर काय होते?

सोयगाव हा कपाशीचा तालुका. बोंड फुटल्यावर वेचणी लांबवली तर कापूस गळतो, पावसात सापडला तर काळा पडतो, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. मोतीबिंदूचेही तसेच आहे. अति पिकलेले भिंग कठीण होते आणि ते काढणे अवघड जाते. काही वेळा ते फुगते व डोळ्यातील द्रव वाहून जाण्याची वाट अडवते. काही वेळा भिंगातील प्रथिने पाझरून तीच वाट बुजते. डोळ्यातील दाब अचानक वाढतो, डोळा लाल होतो, असह्य दुखतो. म्हणजे वेळेवर न काढलेला मोतीबिंदूच काचबिंदूला बोलावून आणतो. मग मोतीबिंदू काढला तरी गेलेली दृष्टी पूर्ण परत येईलच असे नाही.

काचबिंदू म्हणजे काय?

नाव ऐकून वाटते, की काचबिंदू हा मोतीबिंदूचाच एखादा प्रकार असावा. पण दोन्हींची जागा आणि परिणाम पूर्ण वेगळे आहेत. मोतीबिंदू भिंगाचा आजार आहे, काचबिंदू डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा.

डोळ्यात सतत एक पाण्यासारखा द्रव तयार होत असतो आणि एका बारीक जाळीतून तो निघून जात असतो. येणे आणि जाणे यांचा मेळ बिघडला की आतला दाब वाढतो. साधारणपणे हा दाब १० ते २१ एककांच्या दरम्यान असतो. वाढलेल्या दाबाने नसेतील तंतू हळूहळू मरतात. काही जणांत दाब फार वाढलेला नसतानाही नस खराब होते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नस पाहावी लागते.

मेलेले तंतू पुन्हा जिवंत होत नाहीत. हाच दोन आजारांतला सर्वांत मोठा फरक. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रियेने फक्त उरलेली नजर वाचवता येते. शिवाय हा आजार बहुतेक वेळा न दुखता येतो. आधी कडेची नजर जाते, समोरचे शेवटपर्यंत नीट दिसते. त्यामुळे माणसाला काही बिघडल्याचे कळत नाही. चालताना बाजूचा माणूस आदळतो, दाराची चौकट लागते, आणि सगळे त्याला वेंधळेपणा म्हणतात.

दुसरा प्रकार अचानक येतो. डोळ्यात तीव्र कळ, डोकेदुखी, मळमळ, उलटी, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये. उलटीमुळे अनेकदा याला पित्त किंवा अर्धशिशी समजून घरगुती उपाय होतात. प्रत्यक्षात ही तातडीची स्थिती असते. काही तासांत उपचार मिळाले नाहीत तर नजर कायमची जाऊ शकते.

‘काच’ शब्दाची उलटी गंमत

काचबिंदूतील ‘काच’ हा शब्दही जुना आहे. आयुर्वेदात दृष्टीच्या आजाराच्या पायऱ्या सांगताना तिमिर, काच आणि लिंगनाश अशी नावे येतात. म्हणजे जुन्या ग्रंथांतील ‘काच’ ही दृष्टी हळूहळू जाण्याच्या एकाच वाटेवरची, लिंगनाशाच्या आधीची पायरी आहे. आजच्या मराठीत मात्र काचबिंदू हे वेगळ्याच आजाराचे नाव झाले.

असेच युरोपातही घडले. ‘ग्लॉकोमा’ हा इंग्रजी शब्द ग्रीक ‘ग्लॉकोस’वरून आला. त्याचा अर्थ निळसर-हिरवट किंवा करडी झाक. प्राचीन ग्रीकांनी बाहुलीत अशी झाक दिसणाऱ्या आजारांना हे नाव दिले. त्यात आजचा मोतीबिंदूही असावा, असे अभ्यासक मानतात. गढूळ भिंग म्हणजे मोतीबिंदू हे अठराव्या शतकात पक्के झाले, तेव्हा कुठे दोन्ही नावांची वाटणी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण आले आणि काचबिंदूत नस खराब होते हे दिसू लागले.

हजारो वर्षे वैद्यांनाही हे दोन आजार वेगळे करता आले नाहीत, कारण दोन्हींत बाहुलीचा रंग पाहूनच निदान होत होते. आज एखाद्या आजोबांनी नुसत्या अंदाजाने ‘मोतीच असेल’ म्हटले, तर त्यांना दोष कसा द्यावा? मात्र आता तपासणीची साधने आहेत. अंदाजावर थांबण्याचे कारण उरलेले नाही.

आकडे काय सांगतात?

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९७६ मध्ये सुरू झाला. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ५० वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के होते. चांगल्या डोळ्यानेही तीन मीटरवरची बोटे मोजता न येणे, अशी अंधत्वाची ढोबळ व्याख्या त्यात धरली आहे. या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे, तर ५.५ टक्के काचबिंदूमुळे होते. म्हणजे दर तीन अंध ज्येष्ठांपैकी सुमारे दोघांना शस्त्रक्रियेने पुन्हा दिसू शकते.

काचबिंदूचा आकडा लहान दिसतो, पण तो फसवा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील ४० वर्षांवरील सुमारे १.१२ कोटी लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज मांडला गेला. त्यातील बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नसते.

सोयगावसारख्या तालुक्यात काय करता येईल?

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराखाली, मराठवाडा आणि खान्देशच्या सीमेवर. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर, तर जळगाव त्या मानाने जवळ. म्हातारीला दवाखान्यात न्यायचे म्हणजे घरातल्या एकाचा रोज बुडतो, आणि वेचणीच्या दिवसांत तो बुडवणे परवडत नाही. त्यामुळे ‘पिकू दे’ हे वाक्य सोयीचेही पडते. म्हणून काही गोष्टी आधीच ठरवलेल्या बऱ्या.

● वयाच्या चाळिशीनंतर एकदा पूर्ण नेत्रतपासणी करून घ्यावी. जवळचे दिसेनासे होऊन चष्मा लागला की आपण ‘चाळिशी लागली’ म्हणतो. तो चष्मा घेतानाच डोळ्याचा दाब आणि नस तपासायला सांगावे. दुकानात नुसता नंबर काढल्याने काचबिंदू कळत नाही.

● घरात आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांना काचबिंदू असेल तर इतरांनी लवकर तपासून घ्यावे. तो घराण्यात चालू शकतो.

● घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. ज्येष्ठांना एक डोळा झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचायला सांगावी, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. मात्र ही चाचणी तपासणीची जागा घेत नाही.

● डोळा लाल झाला, कचरा गेला, फवारणीचे औषध उडाले, की मेडिकलमधून थेंब आणून टाकायचे, ही सवय घातक आहे. अनेक थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लगेच बरे वाटते, पण डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते महिनोन्‌महिने टाकले तर मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. डोळ्यात फवारणीचे औषध उडाल्यास स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

● शिबिरात गेल्यावर शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होणार, नंतरची तपासणी कधी आणि कुठे, हे विचारून घ्यावे. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातून करता येते.

● शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा नजर कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

● काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर ‘मोतीबिंदू परत आला’ असे नसते. कृत्रिम भिंगामागची झिल्ली गढूळ झालेली असू शकते. ती लेझरने काही मिनिटांत मोकळी करतात.

● काचबिंदूचे थेंब सुरू झाले की ते रक्तदाबाच्या गोळीसारखे रोज टाकावे लागतात. ‘फरक पडत नाही’ म्हणून बंद करू नयेत. त्यांचे काम नजर वाढवणे नाही, आहे ती टिकवणे आहे.

शब्द तोच, अर्थ नवा

भाषेतले शब्द सहजासहजी बदलत नाहीत. डोळ्यात मोती नसतो, थेंबही नसतो, तरी मोतीबिंदू हे नाव राहणारच आहे आणि ते सुंदरही आहे. बदलायला हवे ते त्याला जोडलेले क्रियापद. मोतीबिंदू पिकत नाही, तो वाढतो. आणि वाढेपर्यंत थांबायचे नसते.

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील शिबी राजाच्या कथेत डोळे काढणारा एक वैद्यही आहे, सीवक नावाचा. राजाने विचार बदलावा म्हणून तो पुन्हा पुन्हा विनवतो, पण राजा ऐकत नाही. शेवटी राजाला दृष्टी परत मिळते ती चमत्काराने. श्यामच्या आईवडिलांनाही तशीच. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या आजीला चमत्काराची गरज नाही. तिला हवा आहे तपासणीचा एक दिवस आणि सोबत येणारा घरातला एक माणूस.